आप्पांच्या बाजूची दांडी

गाड्यांचे वायपर दुरुस्त करण्यात माझी उमर गेली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग आभाळाकडं बघतो आणि मग हसतो. हसू द्या. बीड जिल्ह्यात पाऊस किती आणि वायपरचं काम ते काय, एवढं मलाही कळतं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून ‘तुमच्या धंद्याविषयी लिहा’ म्हटलं, तेव्हा आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय लिवनार? पाऊस आला न्हाई, गिऱ्हाईक आलं न्हाई, एवढंच ना?" तिचं माहेर आष्टीकडचं. तिकडची माणसं बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं गप्प बसावं.

केजला अंबाजोगाईच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. इंजिन खोलणारे मिस्त्री आजूबाजूला पुष्कळ होते आणि त्यांचा तोराही तसाच होता. मी पडलो किरकोळ कामाचा माणूस. खाली न उतरणाऱ्या काचा, न लागणारी दारं आणि वायपर. लोक मला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागं ‘किरकोळ मिस्त्री’. पण इंजिनवाल्यांच्या स्वतःच्या गाडीची काच अडकली की ते माझ्याच दारात यायचे, हेही लिहून ठेवतो. पुढं गुडघ्यांनी संप केला, गॅरेज बंद झालं. आता घराच्या पडवीत पत्र्याखाली एक बाक आहे, बाकाला वस्तू आवळून धरणारा लोखंडी शिकंजा ठोकलेला आहे, आणि ओळखीचं कुणी आलं तर मी घरीच काम करून देतो.

धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वायपरचं रबर सगळ्यांना दिसतं. रबर फाटलं की लोक ते बदलतात, तरी काच पुसली जात नाही, मग रबर विकणाऱ्याला शिव्या घालतात. खरं दुखणं बहुतेक वेळा दांडीत असतं. दांडी म्हणजे रबराला धरून ठेवणारा लोखंडी हात. तिचं डोकं काचेखालच्या दातेरी खुंटीवर नटानं आवळलेलं असतं. डोक्याच्या थोडं पुढं एक सांधा असतो, माणसाच्या कोपरासारखा, त्यात एक पिन असते. आतली स्प्रिंग दांडीला काचेवर दाबून ठेवते. दांडी हातानं उचलली तर आधी ही स्प्रिंग अडून बसते, आणि एक विशिष्ट जागा ओलांडली की तीच स्प्रिंग दांडीला वर खेचते. तेव्हा ‘टक’ असा आवाज होतो आणि दांडी उभी राहते. हा आवाज मी झोपेतही ओळखीन.

जिथं पाऊस पडतो तिथल्या दांड्या काच पुसून झिजतात. आमच्याकडच्या उन्हानं झिजतात. चैत्र-वैशाखात गाडी उन्हात लावली तर रबर काचेला चिकटून बसतं. म्हणून आमच्याकडचा माणूस गाडीतून उतरला, की चपलेत पाय नीट घालायच्या आधी दांड्या उभ्या करतो आणि निघताना आडव्या करतो. दिवसातून कैक वेळा हेच. त्यानं सांध्याचं भोक लांबट होतं, पिन बारीक होते, स्प्रिंग मेल्यासारखी होते. मग कधी चुकून पाऊस आलाच, तर दांडी काच पुसायची सोडून काचेवर थडथड नाचते.

दुरुस्ती कुणालाही घरी जमण्यासारखी आहे. टोपण काढायचं, नट सोडायचा, खुंटीवर थोडं तेल सोडून थांबायचं आणि डोकं हलवत हलवत ओढायचं. हातोडा मारायचा नाही, मारला तर काच गेली समजा. जुनी पिन ठोकून काढायची, भोक गोल करून घ्यायचं, त्यात बसेल अशी थोडी जाड पिन घालून दोन्ही टोकं चपटी करायची. स्प्रिंग बदलायची. खुंटीचे दाते झिजले असतील तर शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये गुंडाळायचा. बस्स.

एवढ्याशा कामातही नग भेटलेच. केज-धारूर वडाप करणारा, म्हणजे वाटेत प्रवासी भरत नेणारा एक जीपवाला होता, त्याच्या वायपरची मोटर जळालेली. त्यानं दोन्ही दांड्यांना सुतळ्या बांधून त्या दारांमधून आत घेतल्या होत्या. पाऊस लागला की पुढं बसलेले प्रवासी आळीपाळीनं सुतळ्या ओढायचे. मी म्हटलं, "मोटर टाकून घे की बे." तर म्हणाला, "कावून? फुडची शीट त्याच अटीवर देतो ना मी." दुसरे एक पुढारी. निवडणूक जिंकले, मिरवणुकीत काचेवर गुलालाचा थर बसला, आणि त्यांच्या ड्रायव्हरनं काचेवर पाणी मारून वायपर चालू केला. गुलालाचा चिखल झाला. त्या लाल लगद्यात रुतून दोन्ही दांड्या वाकल्या आणि साहेबांना आपल्याच विजयाच्या मिरवणुकीतलं काही दिसेना. ती गाडी माझ्याकडं आली तेव्हा तिच्याकडं बघवत नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. गंगूमावशींच्या गाडीचं तसं नाही. ते मी आजवर बाहेर कुणाजवळ बोललो नव्हतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला पाना लागत नाही त्या गोष्टीवर मी मत देत नाही. फक्त जे बघितलं ते सांगतो.

केजच्या बाजारात विश्वनाथआप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. आप्पा म्हणजे अंगानं आडवा, आवाजानं मोठा, मनानं उमदा माणूस. गंगूमावशी त्यांच्या पत्नी. त्यांच्याकडं एक जुनी छोटी पांढरी गाडी होती. मावशींचं माहेर धर्मापुरीचं, तिथल्या जुन्या देवळाला दोघं दर श्रावणात तर जायचेच, एरवीही काहीतरी निमित्त काढून जायचे. परत आले की गाडी अंगणातल्या कडुलिंबापाशी लागायची. आप्पा उतरून आपल्या बाजूची दांडी उभी करायचे, मावशी उतरून आपल्या बाजूची. मी एकदा हसलो तर आप्पा म्हणाले, "तिची बाजू ती, माझी बाजू मी. आमचं लगीन असंच चाललंय, मिस्त्री."

आप्पा गेले ते अचानक. दुकानातून जेवायला घरी आले, गाडी लावली, उतरले आणि तिथंच बसले. त्यांच्यात माती देतात, शेताच्या कडेला त्यांची समाधी आहे. एकुलता एक मुलगा महेश पुण्याला नोकरीत. त्यानं दुकान दुसऱ्याला दिलं. मावशी घरी एकट्या राहू लागल्या आणि गाडी लिंबापाशी तशीच उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी माझ्या पडवीत आल्या. रिक्षा करून आल्या होत्या, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला.

"मिस्त्री, गाडीची एक दांडी बघायची हाय. खाली ऱ्हात न्हाई ती."

"खाली ऱ्हात न्हाई म्हंजी? हालती का?"

"उभी ऱ्हाती. रोज दुपारी. मी आडवी करून ठिवती, दुसऱ्या दुपारी परत उभी."

मी म्हटलं, पोरं खेळत असतील. त्या म्हणाल्या, फाटकाला आतून कडी असते. मी म्हटलं, माकडं असतील. केजमध्ये माकडं कुठली, हे माझं मलाच कळलं. मावशींनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं.

"शेजारची बघती ना रोज. दुपारच्या उन्हात मी गाडीपाशी उभी, हातात दांडी. तिनं महेशला फोन लावला. महेश म्हनतो, आई, तूच उभी करतीस आन् तूच इसरतीस. तुला एकटीला ठेवून जमायचं न्हाई. डाक्टर बघून ठिवलाय त्यानं पुन्याला. घराला कुलूप घालनार, मला नेनार."

"मग जाऊन या की थोडे दिवस," मी म्हणालो.

"थोडे दिवस न्हाई. माझी थोरली बहीन अशीच गेली, मिस्त्री. आधी चुलीवरचं इसरायची, मग मानसं इसरली, शेवटाला सोताचं नाव म्हाईत नव्हतं तिला. तिच्या पोरांनी पार परक्या गावात नेऊन ठिवली तिला. मला म्हाईतेय हे कुठं जातं ते." मग त्यांनी जे विचारलं, तसा प्रश्न मला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. "दांडी बघून तुमाला कळंल का, ती कोन उभी करतंय? मीच करती का?"

मला खोटं कशाला बोलू, त्या वेळी मलाही वाटलं की मावशीच करत असणार. वाईट वाटलं. पिशवीत पाने टाकले आणि त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो.

टळटळीत दुपार होती. आमच्याकडं वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. लिंबाची सावली आक्रसून बुंध्याशी गोळा झाली होती आणि गाडीचं तोंड उन्हात होतं. आप्पांच्या बाजूची दांडी उभी होती. मावशींच्या बाजूची काचेवर निजलेली.

मी दोन्ही तपासल्या. आप्पांच्या दांडीचा सांधा खुळखुळत होता, पिन झिजून बारीक झालेली. त्यांचा हात दांडगा, ओढून उभी करायचे. मावशींच्या बाजूची अजून घट्ट होती, कारण त्या दोन बोटांनी हलकेच उचलत असणार. मी मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या, "मला म्हनायचे, अगं वायपर हाय तो, बाळाचा हात न्हाई."

पण पिन झिजली म्हणून दांडी आपोआप उठत नाही. स्प्रिंग मेली तरी दांडीचं वजन तिला खालीच ठेवतं. झिजलेली दांडी डुगडुगते, उठत नाही. धंद्यातला कुणीही हेच सांगेल. मी दांडी आडवी केली, खाली दाबून बघितली. मावशी म्हणाल्या, आधी दोन घास खा, मग काम करा.

आम्ही ओसरीवर बसलो. माझ्या ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मावशी माझ्यासमोर पाटावर बसून वाढत होत्या, त्यांची पाठ अंगणाकडं. मला त्यांच्या खांद्यावरून गाडी दिसत होती. वारा पडलेला होता, लिंबाचं पानही हलत नव्हतं. मी भाकरी मोडायला मान खाली घातली.

टक.

मान वर केली तर दांडी उभी.

मावशींच्या हातात चटणीची वाटी तशीच राहिली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. त्या माझ्याकडंच बघत होत्या, माझं तोंड बघून त्यांना कळलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या म्हणाल्या, "म्हंजी मी न्हाई. मी न्हाई ना, मिस्त्री?"

"तुमी न्हाई," मी म्हणालो. "तुमी हितं बसल्यात माझ्यासमोर."

त्या पोटभर रडल्या. सुटल्यासारख्या रडल्या. मग रडणं थांबलं, पदरानं डोळे पुसले आणि आम्हा दोघांच्याही मनात एकदमच दुसरा प्रश्न आला. तो दोघांनीही विचारला नाही. ही आप्पांची घरी जेवायला यायची वेळ होती.

माझं डोकं मिस्त्रीचं. भीती वाटली की ते काहीतरी खोलायला मागतं. मी दांडी खुंटीवरून काढली, खुंटीला फडकं गुंडाळलं आणि दांडी घरी घेऊन आलो. म्हटलं, हिला अशी दुरुस्त करतो की दोन माणसांनी उचलली तरी हलली नाही पाहिजे.

त्या दांडीवर मी जेवढं मन लावलं तेवढं क्वचितच कुठल्या कामावर लावलं असेल. भोक गोल केलं. पोलादी पिन कापून, कानशीनं घासून, केसाचीही फट राहणार नाही अशी बसवली. भंगारातल्या एका मोठ्या गाडीची जाड स्प्रिंग काढून तिच्या मापात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी काम झाल्यावर शिकंज्यात तिचं डोकं आवळून उचलून बघितली. दोन्ही अंगठे लावून, दातओठ खाऊन जोर केला तेव्हा कुठं ती उठली, आणि सोडल्याबरोबर खाडकन खाली बसली, कारण मी स्प्रिंगला वर टिकायची जागाच ठेवली नव्हती. तशीच शिकंज्यात राहू दिली आणि जेवायला आत गेलो.

आम्ही दोघं नवराबायको स्वयंपाकघरात होतो. पडवीत टक वाजलं.

"कोन आलंय का?" बायकोनं विचारलं.

मी बाहेर आलो. दांडी शिकंज्यात उभी होती. जिला वर थांबायलाच जागा नव्हती ती सरळ उभी होती, आणि अजिबात थरथरत नव्हती. पडवी सावलीत आहे, वर पत्रा असला तरी त्याच्याखाली मी बांबूच्या तट्ट्या ठोकल्यात. तरी दांडीला हात लावला तर चटका बसला. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं टप जसं तापतं, तशी ती तापली होती.

मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, दांडी घराबाहेर टाक म्हणेल. ती दारात उभी राहून दांडीकडं बघत राहिली. मग आत गेली, तांब्या भरून आणला, वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि दोन्ही बाकावर दांडीशेजारी ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"उन्हातनं आलंय कुनीतरी," ती म्हणाली. "आधी पानी द्यावं, मग इचारावं."

आमच्याकडं दारात आलेल्या प्रत्येकाला आधी गूळपाणी मिळतं. माझ्या बायकोनं तो रिवाज पाळला, एवढंच. पण मला इतक्या वर्षांत तिच्याविषयी जेवढं वाटलं नसेल तेवढं त्या क्षणी वाटलं. थोड्या वेळानं दांडी आपली खाली बसली होती आणि हाताला गार लागत होती. पाणी तांब्यात तेवढंच होतं, तेही सांगतो.

त्याच संध्याकाळी महेशचा फोन आला. लहानपणी माझ्या गॅरेजात येऊन बसायचा तो, म्हणून मला काका म्हणतो.

"काका, मी उद्या येतोय. आईला घेऊन जातोय. ती दांडी तेवढी पक्की बसवून टाका, गाडी विकायला बरी. आणि मला खरं सांगा, आईच करते ना ते? पक्की बसवल्यावरही दांडी उभी दिसली, तर मग शंकाच नको. मग ते आईच."

फोन ठेवला आणि मी बाकापाशी येऊन बसलो. माझं सगळ्यात चांगलं काम समोर होतं आणि तेच मावशींचं घर घेणार होतं. ही दांडी मी बसवली असती, तर उद्या दुपारी ती उठली असती. मग महेश म्हणाला असता, एवढी घट्ट दांडी वाऱ्यानं उठत नाही, कुणाच्या तरी हातानंच उठते. आणि त्या घरात हात एकाच माणसाचे होते.

कारागिराला स्वतःचं चांगलं काम मोडायला लावणं म्हणजे काय, ते कारागिरालाच विचारा. मिस्त्री कधी काही टाकत नाही, त्यामुळं जुनी पिन आणि जुनी स्प्रिंग डब्यात होती. माझी पोलादी पिन ठोकून काढली. जुनी, झिजलेली घातली. भोक आता मोठं केलेलं, त्यामुळं ती आधीपेक्षा जास्त खुळखुळायला लागली. स्प्रिंगही जुनीच लावली आणि ती अशा ठिकाणी अडकवली की दांडीचा तोल अगदी काठावर आला. बोटानं टिचकी मारली तरी उभी राहावी. असलं भिकार काम मी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महेश आला तेव्हा मी मावशींच्या अंगणात दांडी बसवत होतो. मावशींची पिशवी भरून ओसरीवर ठेवलेली होती. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा मेल्या माणसासारखा झाला होता.

"काका, सांगा," महेश म्हणाला.

"आई न्हाई," मी म्हणालो. "परवा मी हितं जेवत होतो. आई माझ्यासमोर वाढत होती आन् दांडी उठली. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"आपोआप?"

"ही बघ." मी दांडीला करंगळी लावली. टक, उभी राहिली. "पिन पार झिजलीय. हात लाव, बघ कशी डुगडुगतीय."

महेशनं आडवी केली, फुंकर मारून बघितली, टिचकी मारली. टक. पुन्हा आडवी, पुन्हा टक. त्याचा चेहरा सैल होत गेला. तो शिकलेला माणूस, त्यानं लगेच लोखंड तापतं, फुगतं, तोल जातो असं सगळं मलाच समजावून सांगितलं. मी मान डोलावली. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. आई न्हाई, हे खरं होतं. पिन झिजलीय, हेही खरं होतं. मी दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, जोड त्याचा त्यानं दिला.

"मग नवीन पिन टाका की, काका."

मी पाने पिशवीत भरायला लागलो. तेवढ्यात खांबापासून मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं महेश. गाडी कुटं चालवायची हाय? विकू नगंस ती. आसू दे दारात."

तो दिवस महेश राहिला. दुसऱ्या दुपारी त्याचा फोन आला. "उडाली, काका. आई आत झोपली होती, मी तिच्याजवळच बसलो होतो. पिनच आहे ती." त्याचा आवाज मोकळा होता, एखादं ओझं उतरल्यासारखा. तो एकटाच पुण्याला परत गेला. मावशींनी पिशवीतली लुगडी पुन्हा कपाटात ठेवली.

पडवीत काय झालं ते मी मावशींना नंतर सांगितलं, गूळपाण्याचंही सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तर लिंबाच्या बुंध्याशी पितळेचा तांब्या भरून ठेवलेला दिसला, आप्पांच्या दुकानातलाच. रोज दुपारी ठेवायच्या. शेजारणीनं किंवा सुटीला आलेल्या महेशनं विचारलं तर सांगायच्या, चिमण्यांसाठी आहे. तोंडावर पेला उपडा घातलेल्या तांब्यातून चिमणी कशी पाणी पिणार, हे शेजारणीला सुचलं नाही.

त्या पुढं काही वर्षं त्याच घरात राहिल्या. हिशोब चोख, डोकं शाबूत, शेवटपर्यंत सगळ्यांची नावं पाठ. मी अधूनमधून जायचो. संध्याकाळी ऊन उतरलं की त्या अंगणात येऊन दांडी हलकेच आडवी करायच्या, दोन बोटांनी. एकदा मला म्हणाल्या, "मिस्त्री, आता दुपारी मी एकटी जेवत न्हाई." हसून म्हणाल्या. मी मात्र घाबरून चहा अर्धा टाकून उठलो. त्याची मला अजून लाज वाटते.

माझं एक नुकसान झालं. येणारा-जाणारा ती डुगडुगती दांडी बघायचा आणि म्हणायचा, ‘हे काम किरकोळ मिस्त्रीचं का? हात गेला वाटतं म्हाताऱ्याचा.’ ते ऐकून माझा जीव जळायचा. पोलादी पिन अजून माझ्या डब्यात आहे. कुणी फार बोललं की मी ती काढून एकटाच बघत बसतो.

मागच्या थंडीत मावशी गेल्या, झोपेतच. आप्पांच्या शेजारी त्यांना माती दिली. महेशनं घराला कुलूप लावलं आणि तो गेला. गाडी फाटकाच्या आत, लिंबापाशी. कुलूप लावताना मी तिथं होतो. दोन्ही दांड्या आडव्या होत्या, मी जाताना हात लावून बघितल्या होत्या. मावशींच्या बाजूची मी आयुष्यात कधी खोलली नव्हती. तिचा सांधा घट्ट होता, स्प्रिंग जिवंत होती.

या उन्हाळ्यात महेश घर बघायला आला. मला माहीत नव्हतं तो आलाय. मी दुपारी पडवीत बसलो होतो, तेव्हा फोन वाजला.

"काका, मी केजला आहे. आत्ताच फाटक उघडलं. जेवायला डबा घेऊन आलो होतो, ओसरीवर बसलो." मग म्हणाला, "काका, दुसऱ्या बाजूचीही पिन झिजली का?"

"कोनत्या?"

"आईच्या."

माझ्या हातातली कानस मी बाकावर ठेवली. त्या दुपारी मावशींच्या अंगणात होता तसाच इथंही वारा पडलेला होता. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"उभी हाय का?" मी विचारलं.

"दोन्ही," महेश म्हणाला. "काका, ही तर घट्ट आहे. मी आत्ता आडवी करून बघितली, जोर लावावा लागला."

एकेकाळी मी त्याला करंगळीनं दांडी उभी करून दाखवली होती. आता दाखवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

"झिजली असंल," मी म्हणालो. "नको हात लावूस. ऱ्हाऊ दे."

फोनमधून आत कुठंतरी भांडं उचलल्याचा आवाज आला, आणि नळ सोडल्याचा.

"काका," तो म्हणाला, "आईचा पितळेचा तांब्या सापडलाय. पेला एक ठेवू का दोन?"

"दोन ठीव," मी म्हणालो.